दारफाळणीचं ऊन

द्राक्षबागांमध्ये छाटणीच्या कात्र्या वाजायला लागल्या की आमच्याकडे लोक आभाळाकडे बघतात. परतीचा पाऊस येऊन जाणार का, बाग आत्ताच छाटावी की आठवडाभर थांबावं, याची चर्चा चहाच्या टपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत चालते. माझा द्राक्षांशी खाण्यापुरता संबंध आहे. मी आभाळाकडे न बघता आमच्या घराच्या दाराकडे बघते.

गावाचं नाव मी सांगणार नाही. नाशिकपासून फार लांब नाही, एवढं पुरे. नाव सांगितलं की कुणीतरी उठेल आणि आमच्या दफनभूमीचा सातबारा काढायला निघेल असा मला संशय आहे. हा संशय मला वडिलांकडून मिळाला. इतरांना वारसा म्हणून शेत मिळतं, दागिने मिळतात. मला हा मिळाला. त्याने मला बऱ्याच वेळा त्रास दिलाय आणि बऱ्याच वेळा वाचवलंही आहे, त्यामुळे मी त्याला घराबाहेर काढलेलं नाही.

आम्ही बेने इस्राएल. मराठी बोलणारे, कोकणातून वर आलेले ज्यू. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. घाटावर आल्यावर हे नावही मागे राहिलं. इथे कुणाला आम्ही नेमके कोण ते कळेना, आणि अजूनही कळत नाही. शाळेत मला एका बाईंनी विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही ख्रिश्चनांतले की मुसलमानांतले?" मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "कशाला विचारत होत्या?" त्यांना प्रश्नापेक्षा प्रश्नामागचा हेतू आधी दिसायचा.

आमच्या सणांची नावं आम्ही मराठीतच ठेवली. भाद्रपद संपून चंद्राची पहिली कोर दिसली की नव्याचा सण. त्या दिवशी घरभर चिकाच्या हलव्याचा वास असायचा. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घालून आत्या तो एवढा घोटायची की दुसऱ्या दिवशी तिचा खांदा धरायचा. मग दहाव्या दिवशी दारफाळणी. वर्षातला सगळ्यात मोठा उपास. दारफाळणी म्हणजे नावातच आहे ते, दार बंद करणं. आदल्या संध्याकाळी आंघोळ करायची, पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. इतर ठिकाणचे ज्यू त्या दिवशी सिनेगॉगमध्ये जातात. आमच्या गावात सिनेगॉग कधीच नव्हतं. एकेकाळी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमायचे, ते एकेक करून इस्राएलला निघून गेले, आणि बाबांनी कोकणातली ही जुनी रीत पुन्हा धरली. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी मलिदा करायचा, म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि फळं, आणि तो घेऊन कबरींवर जाऊन यायचं.

या दोन दिवसांत गेलेली माणसं घरी येतात असं आमच्याकडे मानत. दारफाळणीच्या आदल्या दिवशी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. आमच्या शेजारपाजारी पितृपक्षात कावळ्याला पान ठेवायचे तेव्हा मला ते परकं वाटायचं नाही. त्यांची माणसं छपरावर यायची, आमची आत येऊन बसायची आणि आम्ही दार लावून घ्यायचो.

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट आहे, नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. मी कॉलेजात होते. माझा भाऊ इस्राएलला गेला होता आणि बाबांनाही बोलावत होता. बाबांची रेल्वेतली नोकरी संपली होती, पेन्शन चालू झाली होती, जायला काहीच हरकत नव्हती. बाबा जात नव्हते कारण आईच्या कबरीशेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. ती रांग कुंपणाच्या भिंतीला लागून होती. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि मध्ये बाबांची जागा. "तिला एकटीला टाकून मी तिकडे वाळवंटात काय करू?" असं ते फोनवर भावाला म्हणायचे. ती जागा गेली तर बाबांचं सगळं गणित मोडणार होतं. घरातलं आमचं बोलणं, शांत बसणं, भांडणं, सगळं त्या पट्ट्याभोवती फिरत होतं.

भिंतीच्या पलीकडे सुखदेव तात्यांची बाग होती. तात्या एकलहऱ्याला वीज केंद्रात पाळीवर कामाला जायचे आणि उरलेल्या वेळात ती छोटी बाग करायचे. अंगाने किरकोळ, बोलायला कमी, सायकलवर डबा लावून जाताना रोज दिसणारा माणूस. गावातल्या बौद्ध वस्तीत त्यांचं घर होतं. आई गेली तेव्हा गावात खड्डा खणायला कुणी मिळेना. मजुरांना वाटलं, कसले लोक आहेत कुणास ठाऊक, बाधायचं काहीतरी. त्या दिवशी तात्या स्वतः फावडं घेऊन आले, खड्डा खणला, हात धुतले आणि ड्यूटीवर गेले. बाबांनी काही द्यायला हात पुढे केला तर त्यांनी मान हलवली आणि सायकलवर बसले.

याचं बाबांना बरं वाटायला हवं होतं. त्यांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी चहा पिताना म्हणाले, "फुकट कोण करतं गं काही? भिंतीला लागून बाग आहे त्याची."

त्या वर्षी दारफाळणी आणि दसरा एका दिवशी आले होते. आमचं पंचांग आणि इथलं पंचांग, दोन्ही चंद्रावर चालतात. काही वर्षी दोघांचा मेळ बसतो, काही वर्षी महिनाभराचं अंतर पडतं. आदल्या रात्री परतीचा पाऊस पडून गेला होता. सकाळी ऊन एवढं लखलखीत पडलं होतं की बंद दाराच्या फटीतून त्याची एक रेघ थेट देवळीपर्यंत आली होती. गल्लीत झेंडूची तोरणं लावायची गडबड ऐकू येत होती. आम्ही तिघं, बाबा, आत्या आणि मी, पांढऱ्या कपड्यांत चटईवर बसलो होतो. आत्या बाबांची थोरली बहीण, लहानपणी विधवा झालेली, आमच्याकडेच राहायची. आईचं प्रार्थनेचं पुस्तक तिच्या जागेवर ठेवलं होतं. बाबा अधूनमधून त्या जागेकडे बघत होते, आणि ते का बघत होते हे आम्हा दोघींना कळत होतं.

दार वाजलं.

आधी बोटांनी. मग जरा थांबून तळहाताने. "घरात हाय का कोणी?" बाहेरून आवाज आला. आत्याचे पुटपुटणारे ओठ थांबले. बाबांनी एक बोट वर केलं: नाही. परत तळहात दोनदा आपटला. "ओ! हाय का घरात?" बाबा उठले, खिडकीशी गेले, पडद्याची कड बोटाने बाजूला केली, पाहिलं आणि सोडून दिली. पुन्हा येऊन चटईवर बसले. बाहेर कुणीतरी बराच वेळ उभं होतं. मग फाटक वाजलं.

चांदण्या दिसल्यावर, सरबताचा पहिला घोट घेतल्यावर बाबा बोलले. "सुखदेव होता. पांढरे कपडे घालून."

"काय काम असेल?" आत्या म्हणाली.

"आपण आत कोंडलेले आहोत का, ते बघायला आला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पांढऱ्या रंगावर, खांद्याच्या उंचीला, पंजाचा लालसर गुलाबी ठसा होता. आख्खा पंजा, पाचही बोटं. छाटणी झाल्यावर डोळे लवकर फुटावेत म्हणून वेलीच्या काडीला रंगीत पेस्ट लावतात. त्या दिवसांत बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाचे हात त्या रंगाचे असतात, आणि तो सहजी निघत नाही. आम्ही मलिद्याचा डबा घेऊन दफनभूमीत गेलो. आईच्या बाजूची भिंत पडली होती. पडलेले दगड एका बाजूला रचून ठेवले होते, आणि भिंतीच्या जागी बागेत वापरतात तसे लोखंडी अँगल रोवून तीन पदरी तार ताणली होती. आईच्या कबरीवर नवी माती होती आणि तिच्यात कुणाच्या तरी पायांचे ठसे होते.

बाबा तारेजवळ उभे राहिले. पलीकडे तात्या बागेत होते, हातात कात्री. दोघांची नजरानजर झाली. मला वाटलं आता भांडण होणार. भांडण झालं असतं तर फार बरं झालं असतं. बाबा थांबले, की हा आधी सांगेल. तात्यांनी मान वळवली आणि वेलीत घुसले. घरी येताना बाबा मलाच म्हणाले, "आपलं दार कुठल्या दिवशी उघडत नाही हे त्याला बरोबर ठाऊक होतं. तार आत घेतलीये त्याने."

पुढची दहा-अकरा वर्षं आमच्या घरात संशयाने चौथ्या माणसासारखं ताट मांडून जेवण केलं.

बाबा दर रविवारी दफनभूमीत जायचे. आईला भेटायला जातो म्हणायचे, पण आधी तारेकडे जायचे. छत्री आडवी धरून कबर आणि तार यांच्यामधलं अंतर बघायचे. एकदा त्यांनी अँगलच्या बुडाशी एक गोटा टेकवून ठेवला, हलवला तर कळावं म्हणून. पुढच्या रविवारी तो गोटा कुत्र्याने की पावसाने इकडचा तिकडे झाला, आणि आमचा महिना खराब गेला. घराच्या दाराला रंग द्यायची वेळ आली तेव्हा रंगाऱ्याला त्यांनी तो पंजा सोडून रंगवायला लावलं. "पुरावा आहे तो," ते म्हणाले. रंगारी माझ्याकडे बघून हसला. त्यामुळे आमच्या दारावर पांढऱ्या नव्या रंगात जुन्या रंगाचा एक ओबडधोबड चौकोन राहिला आणि त्यात तो हात. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा. आत्या सांगायची, नजर लागू नये म्हणून आहे. तिला खोटं बोलायला आवडायचं.

"अरे, त्याला जागा हवी असती तर एव्हाना वेली नसत्या का लावल्या?" आत्या कधीतरी म्हणायची.

"वाट बघतोय तो," बाबा म्हणायचे. "मी गेलो की लावील."

हे ते फार शांतपणे म्हणायचे. मला त्याची भीती वाटायची, आणि मग मीही बसमधून येताना तात्यांच्या बागेच्या कडेला नवीन खांब आलेत का ते बघायचे. भावाचा फोन आला की तो ओरडायचा, "बाबा, इथे खरी सरहद्द आहे, तिथे कसली सरहद्द राखत बसलाय?" बाबा फोन माझ्याकडे द्यायचे.

या काळात मी दफनभूमीचा इतिहास जमवायला लागले. आवड म्हणून नव्हे, जागा कुणाची ते कळावं म्हणून. कागद कुणाकडे नव्हता. होत्या त्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी, आणि त्या सांगायला उरलेली म्हातारी माणसं मुंबईत, ठाण्यात, एखादं देवळालीला. सगळ्यांची गोष्ट एकाच वळणाने जायची. रेल्वेचं काम चालू असताना कोकणातून आपला एक सुतार मिस्त्री इथे आला, मागोमाग दोन-चार घरं आली. कुणी गार्ड, कुणी कंपाउंडर, कुणी कॅम्पातल्या लष्करात. मिस्त्रीची बायको पहिल्या बाळंतपणात गेली. तिला कुठे ठेवायचं? स्मशानात नेली तर तिथले म्हणाले, तुम्ही जाळत नाही. कबरस्तानात विचारलं तर ते म्हणाले, तुम्ही आमचे नाही. मिशनवाल्यांनी आणखी तिसरं काही सांगितलं. दिवस मावळायला आला. मग मिस्त्रीने ओढ्यापलीकडची ही जागा घेतली, भिंत बांधली. ती पहिली कबर अजून आहे. काळा दगड, वर आमची हिब्रू अक्षरं, खाली मराठी. पाथरवटाने हिब्रूचा कागद उलटा धरलेला असावा, कारण अक्षरं डोक्यावर उभी आहेत. बिचारी शंभरेक वर्षं उलट्या प्रार्थनेखाली झोपली आहे, आणि मला ती सगळ्यांत जास्त आवडते.

गोष्ट चांगली होती. मला मात्र ती ऐकताना दर वेळी खुटखुटायचं. घेतली म्हणजे कुणाकडून घेतली? मावळतीला जाग्यावर जमीन कोण विकतं? आणि खड्डा कोणी खणला? सुतार मिस्त्रीने बायकोचं प्रेत बाजूला ठेवून स्वतः? हे विचारलं की म्हातारी माणसं चष्मा पुसायला लागायची. एक काका म्हणाले, "असेल कुणीतरी गावातला." मला तेव्हापासून खात्री आहे की गोष्टीत जिथे कुणीतरी असतो तिथे थांबून खोदावं.

बाबा गेले ते नव्याच्या सणानंतर दोन-तीन दिवसांनी. हलव्याचा शेवटचा तुकडा डब्यात तसाच होता. हृदयाने दगा दिला, फार हाल झाले नाहीत. मुंबईहून दहा माणसं आली, प्रार्थना झाली. गावातल्या दोघा मजुरांनी खड्डा खणला, आता कुणी घाबरत नव्हतं. बाबांची जागा होती तशीच होती. तारेच्या अलीकडे, आईच्या शेजारी, एका माणसापुरती. त्यांना खाली ठेवताना मी डोळे वर केले तर तात्या बागेच्या टोकाला, शेवटच्या वेलीखाली, हात मागे बांधून उभे होते. डोक्यावरची टोपी काढलेली होती. मी रडत होते आणि रडता रडता माझ्या मनात आलं, आता हा मोकळा झाला. बाबांचंच वाक्य माझ्या डोक्यात त्यांच्याच आवाजात बोललं.

सात दिवसांचं दुःखाचं बसणं त्या वर्षी दारफाळणीने मध्येच तोडलं. पुन्हा दारफाळणी आणि दसरा एका दिवशी. मुंबईची माणसं परत गेली होती. भावाला येता आलं नव्हतं. आत्या आणि मी संध्याकाळी आंघोळ केली, पांढऱ्या साड्या नेसलो, दार लावून घेतलं. आता दोन रिकाम्या जागा होत्या, आईची आणि बाबांची. बाबांच्या जागेवर आत्याने त्यांची टोपी ठेवली. रात्री पाऊस पडला. चांगला दणकून पडला, मोरीतलं पाणी उलटं येतं की काय असं वाटेपर्यंत. मी ओल्या मातीचा, नव्या कबरीचा विचार करत पडून राहिले आणि आत्याला काही बोलले नाही.

सकाळी तसंच ऊन पडलं. तीच रेघ फटीतून देवळीपर्यंत. आणि दार वाजलं.

एकदाच वाजलं, बोटांनी, हळू. बाहेरचा माणूस उघडेल अशी अपेक्षा न ठेवता वाजवत होता. हाक आली नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग पावलं फाटकाकडे निघाल्याचा आवाज आला.

मी उठले.

"रिबका, खाली बस," आत्या म्हणाली. "तुझा बाप आत आहे. उद्यापर्यंत आहे. दार उघडलंस तर निघून जाईल."

तिच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदा ऐकलं. एरवी ती या गोष्टींवर हसायची. तिचा हात त्या टोपीवर होता. मला काय वाटलं ते सरळ सांगते. मलाही बाबा आत आहेत असंच वाटत होतं, आणि मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. पण फाटकाच्या कडीचा आवाज आला आणि बाहेरचा माणूस गेला तर तो परत कधीच येणार नाही हे मला कळलं. कड्या-अडसर काढायला वेळ लागला.

तात्या फाटकात होते. म्हातारे झाले होते. पांढरा सदरा, पांढरी पँट, दसऱ्याचा त्यांचा दिवस, विहारात जायची तयारी. हात मात्र लालसर गुलाबी. त्यांनी मला दारात पाहिलं आणि तिथेच थांबले, आत पाऊल टाकलं नाही.

"ताई, पावसानं तुमच्या वडलांची माती बसली," ते म्हणाले. "लय खड्डा पडलाय. कुत्री फिरतात तिकडं. घरचं माणूस उभं पाहिजे, त्याबिगर भरता येत नाय. म्हणून आलो."

"तुम्ही एकट्यानेच भरली असती तरी..."

"एकदा भरली ना एकट्यानं." त्यांचा आवाज एकदम चढला. "तुमच्या आईची. अशीच भिंत पडली, माती वाहून गेली, म्हशी वरनं चालल्या. विहारात निघालो होतो, तसाच तुमच्याकडं आलो. हाक मारली. दोनदा मारली. मेल्या माणसाचं काम दारातनं वरडून सांगायचं का, गल्ली ऐकती. आत खोकल्याचा आवाज आला. पडदा हालला. तुमच्या वडलांनी मला बघितलं आन् पडदा सोडला."

मी मागे वळून त्या खिडकीकडे पाहिलं.

"आमच्या आज्यानं ही कामं सोडली होती, ताई. मेलेलं वढायचं, खड्डे खणायचे, सगळं सोडलं. त्या आधी त्याच्या बापानं तुमची ती पयली बाई पुरली, तिथंच, आमच्याच तुकड्यात, म्हणला ठेवा हिला इथं. ते येगळं. आज्यानं सोडलं म्हंजे सोडलं. मी फावडं धरलं ते तुमच्या आईसाठी, शेजारी म्हणून. आन् त्याच माणसाला आमच्या दिवशी, दसऱ्याला, तुमी दार लावलं. मी घरी जाऊन बायकूला म्हणलं, हे बी तसलेच निघाले. शिवून घेत नाय."

आमच्या दारफाळणीत आम्ही कुणालाच शिवत नाही, आमदार आला तरी नाही, हे मी त्यांना सांगितलं. उपास, पांढरे कपडे, बंद दार, आत बसलेली आई. सांगताना मला ऐकू येत होतं की हे किती खोटं वाटतंय. ते ऐकत होते आणि माझ्या चेहऱ्याकडे बारीक नजरेने बघत होते. ती नजर मी ओळखली. आमच्या घरातलीच होती.

"कोणालाच नाय?" ते म्हणाले.

"कुणालाच नाही."

"मग आत्ता?"

मी दार पूर्ण उघडलं, आणि दाराचा बाहेरचा भाग उन्हात आला. तात्यांना तो चौकोन दिसला. ते दोन पायऱ्या चढून जवळ आले, वाकले, आणि त्या पंजाकडे बघत राहिले.

"हा माझाच," ते म्हणाले. "मला वाटलं, पुसला आसंल. गोमूत्र शिंपडून."

"आमच्यात गोमूत्र नसतं हो," मागून आत्या म्हणाली. ती कधी उठून आली होती ते मला कळलं नव्हतं. "माझ्या भावाने रंगाऱ्याला ते सोडून रंग लावायला सांगितलं. पुरावा म्हणून."

"कसला पुरावा?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग तीच म्हणाली, "तुम्ही जमीन बळकावताय याचा."

तात्या हसले. फार मोठ्याने नाही आणि फार गोडही नाही. "आन् आमी समजत व्हतो," ते म्हणाले, आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

आम्ही दोघं दफनभूमीत गेलो. रस्त्यावर लोक बघत होते. पांढऱ्या साडीतली मी आणि पांढऱ्या कपड्यातले तात्या, दोघं एकाच घरचे वाटावेत असे. मी मातीला हात लावला नाही, उपासाच्या दिवशी लावत नाहीत. ते फावड्याने माती ओढत होते आणि मी उभी होते, घरचं माणूस म्हणून. मध्येच मी विचारलं, "तात्या, तार आत घेतली होती का तुम्ही?"

त्यांनी फावडं थांबवलं. "तार बांधली ती म्हशीसाठी. आत की भाईर, मोजलं नाय." मग परत माती ओढायला लागले आणि म्हणाले, "मोजा तुमी."

मी मोजलं नाही. तार आत आहे की बाहेर हे मी आजही सांगू शकत नाही, आणि ते खरं बोलत होते का याचीही मला शंभर टक्के खात्री नाही. हा आजार मरेपर्यंत जाणार नाही. पण बाबांची जागा त्या सगळ्या वर्षांत रिकामी राहिली, तिथे एक वेल लागली नाही, आणि ती कुणी राखली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ओढ्यापलीकडे ही जागा कुणी दिली तेही आता मला माहीत आहे. आमच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टीतला तो कुणीतरी.

परत आले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आत्या उंबऱ्याशी पाय पसरून बसली होती. ऊन तिच्या मांडीपर्यंत आलं होतं. बाबांची टोपी तिच्या हातात होती.

"गेला असेल का गं तो?" तिने विचारलं.

"कुठे जाणार? शेजारीच तर आहे," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरलं नाही.

अजून मी दारफाळणी पाळते. आंघोळ करते, पांढरं नेसते, दार लावते. दाराला मागच्या दिवाळीत पूर्ण रंग दिला, फक्त तो चौकोन तसाच ठेवला. आता आत्या पाहुण्यांना सांगते की तो आमच्या एका नातेवाइकाचा हात आहे, आणि या वेळी ती खोटं बोलते असं मला वाटत नाही. त्या दिवशी दार लावलं तरी कडी मी घालत नाही.